हातावरचा मांडा

१० नोव्हेंबर, रविवार

कमलबाईंनी आजही माझं वाक्य खाल्लं! सलग तिसरा रविवार.

काही फार मागत नाहीये मी. नाटकाचा शेवटचा प्रवेश — आई स्वयंपाकघरात मांडे करतेय, मुलगी भांडून घर सोडून निघालीय. मुलगी दारात थांबते. आई म्हणते, ‘माती फुटली तरी चूल विझत नसते, पोरी.’ त्या वाक्यावर दिवे मंद होतात, त्याच वाक्यावर तंबोरा सुरू होतो. चार महिने घासलंय मी ते वाक्य. आणि बाई? हातावर मांडा फिरवत राहतात आणि गप्प! मांडा खापरावर टाकून झाला की मग आठवण झाल्यासारखं म्हणतात. तोवर दीपकने दिवे घालवलेले असतात. अंधारात चूल विझत नसते म्हणे.

नट्या काय कमी होत्या जळगावात? पण यांना मी एका लग्नात पाहिलं. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ओढणीएवढा पातळ केला आणि पालथ्या खापरावर अलगद टाकला. तिथेच ठरवलं, हीच माझ्या नाटकातली आई. धुळ्याहून बसने येतात, इथे मेहरूणला बहिणीकडे उतरतात. चाळीस वर्षं लग्नाकार्यात मांडेच करतात. नाटक आयुष्यात पाहिलेलं नाही.

आज जरा आवाज चढवून विचारलं. शांतपणे म्हणाल्या, ‘मांडा हातवर राहस तवय तोंडकडे ध्यान नही राहस, बाई.’

१२ नोव्हेंबर

तोडगा सापडला. कणीक नकोच. मलमलीचं फडकं! पारसच्या दुकानातून दोन मीटर आणलं, गोल कापलं. लांबून हुबेहूब मांडा. फाटणार नाही, लोंबणार नाही, वाक्य वेळेवर येईल.

पारस म्हणाला, ‘टाळ्या कुठे वाजवायच्या तेही पब्लिकला लिहून दे एकदा.’ नवरा आहे म्हणून ऐकून घेतलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाईंनी फडकं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, चार पदरी घडी घातली आणि मला परत दिलं. ‘फडकं फिराडाले मी कसाले पाहिजे? कोनी बी फिराडी.’ रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या नाहीत.

मी हट्टच धरला. मग त्यांनी केलं. फडकं फिरवलं, वाक्य अगदी ठरल्या क्षणी म्हटलं, दिवा ठरल्या क्षणी उतरला, तंबोरा ठरल्या क्षणी वाजला. तेरा वर्षांत माझ्या एवढ्या मनासारखा प्रवेश झाला नव्हता.

आणि मेला होता. पार मेला होता. प्राची — ती मुलीचं काम करते — निघताना चाचरत म्हणाली, ‘रूपलताई, आज मला दारात थांबावंसंच वाटलं नाही.’

१८ नोव्हेंबर

सकाळी संहिता काढून बसले. पान एकोणतीस. लाल पेन्सिलीच्या खुणा बावीस. एका ठिकाणी लिहिलंय — ‘दीड श्वास थांबणे’. अर्धा श्वास कुणी घ्यायचा आणि कुणी मोजायचा, हे लिहिलेलं नाही.

तेरा वर्षं मी राज्य नाट्यस्पर्धेत नाटक करतेय. तेरा वर्षं पहिल्या फेरीतून परत. परीक्षक दरवर्षी बदलतात, शब्द तोच — ‘नेटका प्रयोग’. किती चिडते मी त्या शब्दावर! वाढलेल्या ताटाला कुणी नुसतं ‘स्वच्छ आहे’ म्हणावं, तसं वाटतं. यंदाही तोच ऐकला तर बंद करणार हे सगळं. खरंच करणार. एक्कावन्न पूर्ण होतील फेब्रुवारीत.

२४ नोव्हेंबर, रविवार

कणीक परत आली. बाईंना म्हटलं, मांड्याच्या कलाने घ्या, वाक्य तुम्हाला जमेल तेव्हा म्हणा. केव्हा ते तुमच्यावर. काय म्हणायचं ते मात्र माझंच. केवढं औदार्य!

दीपक घाबरला. ‘ताई, मग मी दिवा कशावर घेऊ?’

‘त्यांच्या हातांकडे बघ.’

‘लिहून द्या ना.’ माझ्याच हाताखाली तयार झालाय, दुसरं काय मागणार!

चारदा केलं, चार तऱ्हा. एकदा वाक्य इतक्या उशिरा आलं की प्राची बाहेर जाऊन चपला घालत होती. एकदा मांडा मधोमध फाटला. मी ‘थांबा’ ओरडले. बाई थांबल्याच नाहीत. कणीक गोळा केली, पुन्हा हातावर घेतली. ‘फाटना ते फाटना. दुसरा लेऊ.’ हे प्राचीला म्हणाल्या, चालू प्रवेशात. आणि प्राची खरंच थांबली, दुसरा होईपर्यंत. मी पेन्सिल उचलली होती. काही लिहिलं नाही.

तालमीची कणीक त्या वाया जाऊ देत नाहीत. बहिणीकडे नेऊन भाजतात आणि एक डबा माझ्याकडे पाठवतात. तो पोहोचतो दिवस मावळल्यावर, आणि सासूबाई कडक जैन, सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. त्या फक्त वास घेतात आणि ‘सकाळी पाठवायला सांग’ म्हणतात. मी ओट्याशी उभ्यानेच दोन खाल्ले.

३० नोव्हेंबर

बाकी सगळं सोडीन. वाक्य नाही.

५ डिसेंबर, सकाळ

काल प्रयोग झाला. काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर मी मनातल्या मनात दुरुस्त करून टाकीन.

नाट्यगृहात विस्तव चालत नाही, म्हणून खापराखाली लाल बल्ब. बाईंना ते अजिबात पटलेलं नव्हतं. शेवटचा प्रवेश. मांडा हातांवर आला, पसरत गेला. प्राची दारात. मी विंगेत, ओठांवर माझं वाक्य घेऊन. बाई गप्प. प्राचीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तरी गप्प. सभागृहात कुणीतरी खोकलं. संपलं, म्हटलं, विसरल्या.

मग बाई बोलल्या. मान न वळवता, जरा त्रासिकच आवाजात —

‘जाय तू. मना हातवर मांडा शे. माले वळता येत नही.’

आणि वळल्या नाहीत. प्राची रडायला लागली. ते संहितेत नाही. दीपकने दिवा धरून ठेवला, मांडा खापरावर जाईपर्यंत, मग सोडला. तंबोरा लावायचं तो विसरला, आणि ते बरंच झालं.

मला आधी राग आला. मग हेवा वाटला. सरळ सांगते, हेवा. चार महिन्यांत मला जे सुचलं नाही ते यांच्या तोंडून असं निघावं, भाजी आणायला सांगावं तसं! रडू त्यानंतर आलं.

११ डिसेंबर

केंद्रावर पहिले! अंतिम फेरी, नाशिक. आणि लेखनाचं पारितोषिकही — मला.

परीक्षक म्हणाले, ‘आईला वळता येत नाही, हे लिहायला धाडस लागतं.’ मी वर गेले. स्मृतिचिन्ह घेतलं. माईक माझ्या हातात होता. ‘आभारी आहे’ म्हणाले आणि खाली उतरले.

तिसऱ्या रांगेत कमलबाई बहिणीबरोबर बसल्या होत्या. टाळ्या वाजवत होत्या. लाज वाटली. अजून वाटतेय.

१३ डिसेंबर

स्मृतिचिन्ह आधी शोकेसमध्ये ठेवलं. मग कपाटात. आज पिशवीत घालून धुळ्याची बस पकडली.

बाई डाळ निवडत होत्या. पिशवी त्यांच्यापुढे ठेवली, सगळं सांगितलं. हे तुमचं आहे, मी चोरलं, असंही म्हणाले. त्यांना समजेना. ‘कसानं बक्षीस? मी ते खरं सांगं. हातवर मांडा व्हता ना!’ मग चहा टाकला. पिशवी घ्यायला तयार झाल्या नाहीत, घरात ठेवायला जागा नाही म्हणे.

येताना बसमध्ये एवढंच डोक्यात होतं — मी आईच्या तोंडी वाक्य घालत होते. आईला का वळता येत नाहीये, हे विचारलंच नव्हतं.

२२ डिसेंबर

आयोजकांना पत्र लिहिलं : शेवटचं वाक्य कमलबाईंचं आहे, पारितोषिकाबाबत योग्य तो निर्णय घ्यावा. पारसने वाचलं, पाकीट स्वतः चिकटवलं.

अंतिम फेरीसाठी संहिता नव्याने पाठवायची होती. पान एकोणतीसवरचं चुलीचं वाक्य माझ्या हाताने खोडलं. तिथे बाईंचं वाक्य लिहायला घेतलं आणि थांबले. त्या तेच पुन्हा म्हणतील कशावरून? शेवटी लिहिलं — ‘इथे आई बोलते.’ खाली सगळं कोरं. पाठवून दिलं.

हलकं वाटतंय. भीतीही वाटतेय. दोन्ही एकदम असू शकतं, हे माहीत नव्हतं.

५ जानेवारी, रविवार

नाशिकची तारीख आली. बाईंना फोन केला. त्या दिवशी पाचोऱ्याला लग्न, मांडे त्यांच्याकडे. विनवण्या केल्या. अंतिम फेरी आहे, तेरा वर्षं वाट पाहिली, दुसऱ्या कुणाला पाठवा लग्नाला, सगळं म्हणून पाहिलं.

‘शब्द देयेल शे, बाई.’ मग, ‘तुम्ही करा ना. मी शिकाडसू.’

१९ जानेवारी, रविवार. धुळे

आज पहिल्यांदा मांडा माझ्या हातांवर नीट फिरला. प्राची दारात उभी. कमलबाई म्हणाल्या, ‘आते बोला.’

मी म्हणाले, ‘चेलना, पोहोचलीस की फोन कर.’

नाटकातल्या मुलीचं नाव चेलना नाही. माझ्या मुलीचं आहे. तीन वर्षांपूर्वी ती भांडून निघाली, दारात थांबली, आणि मी वळले नाही. माझे हात रिकामे होते.