टेकराजच्या हातचा टिळा

डार्विन, ऑस्ट्रेलिया,
दशैंची एकादशी, विजयादशमीचा दुसरा दिवस

प्रिय आमा,

पाया पडते. बुवांनाही लेकीचा नमस्कार सांग. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? मी ठणठणीत आहे. काल इतकं मटण खाल्लंय की आज नुसतं ताक पिऊन बसलेय.

आमा, कालचा आमचा दशैं तू बघायला हवा होतास! मी आले त्या वर्षी आम्ही चौघं एका स्वयंपाकघरात मावलो होतो. काल विद्यापीठाचं सभागृह पुरलं नाही. झापा, डोटी, मुस्ताङ, नेपाळच्या कुठकुठल्या जिल्ह्यांतली पोरं! शेवटी बाहेर आंब्याखाली चटया टाकल्या. फजिती एकच झाली. जमऱ्याचे जव अंधारात रुजवायचे असतात हे सुयोगला कुणी सांगितलंच नव्हतं. तो कौतुकानं रोज कुंडी उन्हात ठेवत होता. पिवळाधमक व्हायचा तो जमरा हिरवागार उगवला. "हा कानामागे खोवायचा की बकरीला घालायचा?" म्हणून बबिना त्याला दिवसभर पिडत होती.

टिळ्याची वेळ झाली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. टिळा मोठ्यांनी लावायचा, आणि इथं तर सगळीच पोरं. सुयोग म्हणाला, "निरुता दिदी लावेल, पंडितांची लेक आहे."

मी म्हटलं, "छे, वयानं मोठं कोण ते बघा."

वयानं मोठा टेकराज. नर्सिंग शिकतो. सगळे त्याला थोरला भाऊ मानून टेकदाइ म्हणतात. मी टेकराजच म्हणते.

तो मटणाच्या पातेल्याआड लपला. "माझे हात मसाल्याचे आहेत."

"मग धुवा ना!" बबिना म्हणाली.

"अगं, मी जन्मभर टिळा घेतला तो लोकांच्या अंगणात उभं राहून. लावतात कसा, मला काय ठाऊक?"

मग बबिना त्याच्यासमोर मांडी घालून बसली, केस मागे सारले. "हे कपाळ. एवढं मोठं आहे, दाइ, चुकून चुकाल किती?"

त्याला मंत्र येत नाहीत. प्रत्येकाला म्हणत होता, "पास व्हा, वेळेवर जेवा, घरी फोन करा." पोरं आधी हसली, मग एकेक रडायलाच लागली. किती दिवसांनी कुणीतरी डोक्यावर हात ठेवला होता.

आडनाव विचारशीलच, म्हणून सांगते. परियार. तुझी चोळी शिवणाऱ्या काइँलादाइंच्या जातीचा. त्यांच्यासाठी बुवा टिळ्याचं ताट अंगणात नेऊन ठेवतात.

माझा नंबर आला तेव्हा त्याचा हात थांबला. हळूच म्हणाला, "बुवांना सांगितलंस?"

"आधी लाव," मी म्हटलं, आणि डोकं पुढे केलं.

आता तुला कळलंच असेल. मला त्याच्याशी लग्न करायचं आहे. हे भीतभीत लिहिणार होते, पण लिहिताना सारखं हसूच फुटतंय. मी फार सुखात आहे गं.

येत्या मंसिर महिन्यात आम्ही दोघं घरी येतोय. तो म्हणतो, "मी अंगणात बसेन, मला सवय आहे." मला नाही. बुवांशी तू बोल. पाट आत मांडलेस तर दोघं आत येऊ, तुझ्या हातचं पोटभर जेवू. अंगणात मांडायचे झाले, तर तिथंही दोन मांड.

तुझीच, आणि आता त्याचीही,
निरुता