स्वस्तातलं घर

नॉर्डेल,
नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय मारेन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. आपल्याकडे पत्र येतं ते नाताळचं, नाहीतर कुणी गेल्याचं. म्हणून आधीच सांगते, घरातलं कुणी गेलेलं नाही. तुझे बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, ते स्वतः अर्थातच कुरकुरत नाहीत. सोयाबीन निघालं, मकाही निघाला, भाव पडले, म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे. फोनवर बोलायचं सोडून लिहायला बसले, कारण फोनवर तू नुसतं "आई, पण" असं म्हणालीस की मी विरघळते. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

तू पाठवलेली ती यादी मी छापून घेतली आणि चर्चच्या तळघरात नेली. राहायला सगळ्यांत स्वस्त आणि तरी राहण्याजोग्या काउंटींमध्ये आपली स्कोगेन काउंटी इतकी वर! पाद्रीबाबांनी कॉफी घेता घेता मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या जेवणाच्या गटातली आर्डिस म्हणाली, वाईट नाही. याहून मोठं कौतुक तिने तिच्या नवऱ्याचंही कधी केलं नाही. मी तर हवेत होते. कुंपणाला कुंपण लागून गुड्रुनआत्याचं घर, तिने जाताना माझ्या नावावर केलेलं, आणि त्यात तू, रॉस आणि फेब्रुवारीत येणारं बाळ. उन्हाळाभर मीच तुझ्यामागे लकडा लावला होता. खिडक्यांची मापं घेऊन पडद्यांचं कापडसुद्धा आणलं. सकाळी गाऊनवरच अंगण ओलांडून नातवंडाला उचलून आणायचं, हे मी इतक्या वेळा मनात करून पाहिलं की त्या गवतात माझी पायवाट पडायचीच बाकी होती.

स्वस्त आहे, यात खोटं काही नाही. तुम्ही तिकडे दोन खोल्यांना जे भाडं भरता त्यात इथे अख्खं घर चालतं. पण ज्याने यादी केली त्याने घराची किंमत पाहिली, घर सोडून बाहेर पडल्यावर काय लागतं ते पाहिलं नसावं. किराण्याचं दुकान वसंतात बंद झालं. दूध, अंडी, कांदे आणायला मी आठवड्यातून एकदा पलीकडच्या काउंटीत जाते आणि जाताना रस्त्यातल्या तीन घरांच्या पिशव्या बरोबर नेते. लोरेनने पाळणाघर बंद केलं, तिचे हात आता थरथरतात. आपल्या विहिरीचं पाणी उन्हाळा संपता संपता तपासलं, तर शेतातलं खत त्यात उतरलंय म्हणे. मोठ्यांना चालतं, तान्ह्या बाळाच्या दुधात घालू नका, उकळूनही नाही. तुझ्या बाबांनी तो कागद वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी बाटल्यांचे खोके आणून तळघरात रचायला लागले. तू येणार म्हणून तो माणूस महिनाभर पाणी साठवत होता.

आणि हॉस्पिटल. तू जन्मलीस ती खोली आठवून मला अजून हसू येतं. पेरणीचे दिवस होते, बाबा ट्रॅक्टरवरून उतरले ते थेट चिखलाच्या बुटांनीच आत आले, आणि नर्सने त्यांच्या हातात तू द्यायच्या आधी फरशी पुसायचं फडकं दिलं. त्यांनी आधी फरशी पुसली आणि मग तुला घेतलं. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. बाळंतपणं परवडत नाहीत म्हणून तो विभागच बंद केला. आता बाळंत व्हायचं तर दीड तासावर जायचं, तेही रस्ता कोरडा असेल तर. फेब्रुवारीत आपला रस्ता कसा असतो ते तुला मी सांगायला नको.

ॲम्ब्युलन्स आहे. म्हणजे आम्हीच आहोत. पेजर वाजला की हातातलं टाकून पळणारे गावातलेच लोक, बिनपगारी. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर मी चालवायला शिकले, कारण मागे रुग्णाजवळ बसायला शिकलेले लोक होते, चालवायलाच कुणी नव्हतं. आमच्यातल्या सगळ्यांत तरुण माणसाला नातवंडं आहेत. हंगामात तर सगळेच शेतात. पेजर वाजला की हार्वेस्टर बांधावर उभं राहतं, त्याच्यामागे धान्याचे ट्रक उभे राहतात, आणि आभाळ भरून आलेलं असतं. कुणी तक्रार करत नाही. पण बोलावणाऱ्याला ते ठाऊक असतं, आणि म्हणूनच आपल्याकडे लोक सहसा बोलावत नाहीत.

आता ते सांगते, जे फोनवर तुला सांगितलं नाही. डालिया आणि वेस तुला आठवतात ना, जुन्या पोस्टमास्तरांच्या घरात आलेले? तुझ्याचसारखे, स्वस्त घर पाहून आलेले, तेही पार ॲरिझोनातून. पहिल्या वर्षी ती पोर सगळ्यांना सगळं विचारायची, मागायची. शिडी द्या, मला सोडायला चला, आज एकटं वाटतंय तर तुमच्याकडे येऊ का. आर्डिसचे कान लाल व्हायचे. आम्ही तिला काही बोललो नाही, आपल्याकडे बोलतच नाहीत. नुसतं एक क्षण थांबून मग हो म्हणायचं. हुशार मुलगी, त्या एका क्षणातून तिने सगळं ओळखलं. दुसऱ्या वर्षी ती तीनदा नको म्हटल्यावरच केकचा तुकडा घ्यायला लागली. शिडी तिने विकत आणली. आम्ही म्हणायला लागलो, डालिया आता आपली झाली.

ऑक्टोबरमध्ये तिचा आठवा महिना संपत आला होता. वेस लुंडीन मंडळींकडे मक्याचा ट्रक चालवत होता, घरात एकच गाडी, ती तो घेऊन गेलेला. दुसऱ्या दिवशी पाऊस सांगितला होता, त्यामुळे त्या दिवशी सगळा गाव शेतात. जेवण झाल्यावर तिच्या पोटात दुखायला लागलं. दुपारी मी शेतावरच्या माणसांचं खाणं घेऊन तिच्या घरावरूनच गेले, मारेन. ती खिडकीत उभी होती. मी नेहमीसारखं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. तिने हात हलवला, हसलीसुद्धा. मी पुढे गेले.

ऊन कलल्यावर वेस डबा न्यायला घरी आला, तेव्हा ती न्हाणीघराच्या फरशीवर बसलेली होती आणि फरशी लाल झालेली होती. पेजर वाजला. मी ॲम्ब्युलन्स काढली, मागे लुंडीनकडचा डेनिस आणि वेस. दोन्ही बाजूंना मका, हार्वेस्टरांचे दिवे नुकते लागायला लागलेले, आणि प्रत्येक दिव्याखाली असा एक माणूस, जो तिने हाक मारली असती तर आला असता. मी वेड्यासारखी गाडी हाणत होते. डेनिसने तिला विचारलं, दुखणं कधी सुरू झालं. तिने सांगितलं. मग पुन्हा तिचाच आवाज आला, अगदी आपल्या पद्धतीचा, माफी मागितल्यासारखा.

"उद्या पाऊस होता ना. म्हटलं, अंधार पडला की सगळे मोकळे होतील."

वार आतच सुटली होती. मुलगी होती. दीड तासाच्या रस्त्यात मी अर्ध्यावर पोचले असेन, तेव्हा डेनिसने मागून काचेवर हात ठेवला आणि सांगितलं की आता आईला वाचवायचं आहे, तेवढ्यासाठी चालव. डालिया वाचली. डॉक्टर भला माणूस होता, त्याने आम्हाला काही बोल लावला नाही. दुपारीच आणलं असतं तर, एवढं म्हणाला आणि पुढचं त्याने पूर्ण केलं नाही.

बाळाला पुरायच्या दिवशी तळघरातलं जेवण आमच्याच गटाकडे होतं. हॅमचे पाव, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, लिंबाच्या वड्या. हातभर लांबीची ती पेटी, आणि जेवायला अख्खं गाव. आपण या बाबतीत फार चांगले आहोत, मारेन, कुणी गेलं की आपण इतके पटकन येतो. मी कॉफी ओतत होते. आर्डिस माझ्या शेजारी पाव लावत होती, तिचे डोळे खरोखर भरलेले होते, आणि ती मायेनेच म्हणाली.

"किती समजूतदार पोर. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही तिने."

आसपासच्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. आणि ऐक, माझीही मान हलली. सवयीने. ती हलताना माझी मला कळली, आणि मी कॉफीची किटली टेबलावर ठेवून जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत जाऊन उभी राहिले.

तिथे उभं राहून मला तू दिसलीस. तू दुसरीत होतीस, चर्चच्या जेवणाच्या दिवशी झोपाळ्यावरून पडलीस. मनगट मोडलं होतं. पण मी वाढत होते आणि रांग दारापर्यंत होती, म्हणून तू हात कोटाच्या आत लपवून भिंतीशी बसून राहिलीस. शेवटची ताटं धुऊन झाल्यावर मला येऊन म्हणालीस, आई, तुला वेळ मिळाला असेल तर. ही गोष्ट आम्ही किती कौतुकाने सांगितली असेल! तुझ्या लग्नातसुद्धा बाबांनी तीच सांगितली, लोक हसले, टाळ्या वाजल्या. शहरात इतकी वर्षं काढून तू थोडी सुधारलीस. रॉसवर ओरडतेस, दुकानदाराशी भांडतेस, परवा डॉक्टर उशिरा आला म्हणून तू त्याला सुनावलंस हे ऐकून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. इथे आलीस तर महिनाभरात पुन्हा आमच्यातली होशील. फेब्रुवारीत वादळ सुटेल, रस्त्यावर बर्फ हटवणारं यंत्र अडकलेलं असेल, दुखायला लागेल, आणि पलीकडच्या घरात आई आत्ताच झोपली असेल म्हणून तू खिडकीत उभी राहशील. मी तुझी आई आहे आणि गाडी चालवणारीही मीच असेन. मला ते जमणार नाही.

येऊ नकोस, एवढंच लिहून भागलं असतं तर मी तेवढंच लिहिलं असतं. पण मला तू ठाऊक आहेस आणि त्याहून मी ठाऊक आहे. तू नाताळला आली असतीस, त्या रिकाम्या खोल्यांतून पोटावर हात ठेवून फिरली असतीस, आणि मीच म्हटलं असतं, राहा ग. कारण तू इथे यावंस यापलीकडे मला या जगात दुसरं काही नको आहे. म्हणून मी घर गावच्या अग्निशमन दलाला सरावासाठी देऊन टाकलं. तू लहान असताना जुनी गिरणी अशीच जाळली होती, सगळे खुर्च्या घेऊन बघायला गेलो होतो. काल सकाळी गुड्रुनआत्याचं घर जाळलं. आधी एकेक खोली पेटवून विझवली, दलातल्या नव्या लोकांना शिकवायला, आणि मग दुपारी पूर्ण पेटू दिलं. मी आपल्या ओट्यावर उभी होते. बाबांनी मला अडवलं नाही, मदतही केली नाही. आपलं छप्पर पेटू नये म्हणून पाण्याची नळी धरून कुंपणाशी उभे राहिले, आणि सगळं खाली बसल्यावर म्हणाले, घर वाईट नव्हतं. रात्री जेवले नाहीत. तू रागावशील. मला न विचारता हे कसं केलंस, म्हणशील, आणि ते खरंच आहे, मी तुला विचारलं नाही. वर्षभर बोलू नकोस माझ्याशी, मी ते सोसेन. पण तिकडेच राहून रागाव, जिथे हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. आणि पहिली कळ आली की कोण झोपलंय, कोण कामात आहे, काही बघू नकोस. रॉसला उठव, शेजाऱ्याला उठव, डॉक्टरला ताटावरून उठव. आमची पद्धत विसर, पोरी. सगळ्यांना त्रास दे.

तुझीच,
आई