आमटी शिकायला किती दिवस लागतात

डोंबिवली,
श्रावणातला शेवटचा शनिवार, १९५५

तीर्थस्वरूप वन्संना प्रमोदिनीचा वाकून नमस्कार.

आपल्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा करते. ठाण्याला तळ्याच्या इतक्या जवळ बिऱ्हाड म्हणजे ओल ही यायचीच. रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळत जा आणि जिना चढताना कठड्याला धरा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आम्ही सर्व म्हणजे दोघंच. त्यातले आपले बंधू खुशाल आहेत. माझं पुढे लिहिते आहे, ते बसूनच वाचावं.

वन्सं, आपले बंधू कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मी एका शब्दाने बोलले नव्हते. त्यांनी दारातल्या चपलांच्या जागा ठरवून दिल्या, मी बोलले नाही. तुळशीला पाणी किती घालायचं त्याचं माप ठरवलं (तुळस वाळली), तेव्हाही बोलले नाही. पण सरकारने देशासाठी योजना काढली म्हणून यांनी आमच्या मजल्यासाठी काढावी, आणि ती माझ्या स्वयंपाकघरापासून सुरू करावी, हे मात्र फार झालं. मजल्यावर बिऱ्हाडं चार. चौघी बायका रोज सकाळी तोच भात, तीच पोळी, तीच भाजी, तीच आमटी करतात, हा म्हणे राष्ट्राच्या वेळेचा अपव्यय. त्यापेक्षा एकीने एकच पदार्थ चारही घरांसाठी करावा! "म्हणजे प्रत्येकीचा पाऊण वेळ वाचला की नाही?" असं त्यांनी टिपणिसांच्या खाटेवर बसून जाहीर केलं आणि खाटेवरच्या बाकी तिघांनी माना डोलावल्या. (चौघांपैकी एकालाही स्टोव्हला पिन करता येत नाही.) मी खाली बायजाकडून भाजी घेऊन वर येईपर्यंत यांच्या काळ्या टोपीतून चिठ्ठ्या निघाल्याही होत्या. वैद्यीणबाईंना भात, टिपणीसबाईंना भाजी, शेजारच्या हेमाला आमटी, आणि मला पोळ्या.

आता आपणच सांगा. आम्ही दोन माणसं, पोळ्या लागतात मूठभर. टिपणिसांकडे मुलंच पाच, आणि त्यातला प्रत्येक जण पोळी पोटात नव्हे, विहिरीत टाकल्यासारखी खातो. एक पदार्थ चौपट केला की तो एक राहत नाही, हे कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेसने आम्हांला टेबलावर संत्री मांडून शिकवलं होतं. आपल्या बंधूंना म्हटलं तर म्हणाले, "अगं, ते गणित निराळं. हा सहकार आहे." सहकार पुढच्या गॅलरीत घड्याळ घेऊन बसला आणि मी परातीशी.

बरं, आरंभ कधी करावा? श्रावणात! पुरुषांनी केलेली योजना, उपास कुणाच्या लक्षात असणार? सोमवारी निम्म्या मजल्याला दुपारी जेवायचं नसतं आणि उपास सोडायला संध्याकाळी ताजी पोळी हवी असते. म्हणजे मी दोनदा पोळपाटाशी. शनिवारी वैद्यीणबाईंचा उपास. त्या दिवशी घरात तांदूळ शिजवायचा नाही असा त्यांचा नेम, त्यामुळे भाताऐवजी चारही घरी वरीचे तांदूळ गेले. वरीवर तुरीची आमटी ओतून टिपणिसांची मुलं जेवायला बसली, ते दृश्य आपण पाहायला हवं होतं.

पण वन्सं, माझा खरा संताप याहून निराळा आहे. हेमा म्हणजे आनंदची बायको. तो शहाडच्या कारखान्यात जातो. पोर सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, घरात वडीलधारं कुणी नाही. तिच्या पहिल्या दिवशीच्या आमटीत डाळ तळाशी आणि पाणी वर होतं. कुणी बोललं नाही, तेच तिला लागलं. संध्याकाळी मागच्या गॅलरीत माझ्या दाराशी येऊन रडायला लागली. "काकू, मला नाही हो जमत. पोळ्या म्हणाल तेवढ्या लाटीन, पण आमटी नको." आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांना मागची गॅलरी एकच. दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्याकडे येऊन पोळ्या लाटल्या, मी तिच्या शेगडीवर आमटी केली. पुढे बसलेल्या सहकाराला पत्ता नाही.

आणि ही आमटी कुणाची? तुमच्या आईची! मी लग्न होऊन आले तेव्हा मला पुडिंग येत होतं, रुमालाच्या कडा शिवता येत होत्या, पियानोसुद्धा येत होता. आमटी येत नव्हती. सासूबाईंनी माझं मनगट धरून चिंचेचा कोळ घालायला लावला. "डोळ्यांनी नाही बघायचं पोरी, वासावरून कळतं," म्हणाल्या. अजूनही चिंच कोळताना त्यांचा ओला हात मनगटावर आहे असं वाटतं, आणि मी क्षणभर थांबते.

ती आमटी मी तीस वर्षं वाढते आहे, आणि तीस वर्षं आपले बंधू ती वर्तमानपत्राच्या पलीकडे बसून जेवत आहेत. त्या दिवशी "हेमाची आमटी" म्हणून वाटी पुढे ठेवली. एक भुरका घेतला आणि त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला वाटलं, ठसका लागला. "वा!" म्हणाले. पुन्हा वाढून घेतली, वाटी तोंडाला लावली, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणतात, "अगं, तू जरा शिकून घे ना तिच्याकडून. लाज कसली? शिकायला काही वय लागत नाही."

माझ्या हातात सांडशी होती. ती मी खाली ठेवली, ही कॉन्व्हेंटची शिस्त.

ज्याला बायकोचा हात ओळखता येत नाही, त्याला मी एक वेळ माफ करीन. पण ज्याला जन्मदात्या आईची आमटी ओळखता येत नाही, त्याचं काय करावं? त्यांना आपण कडेवर घेऊन फिरवलंय, म्हणून आपल्याला विचारते. शिवाय टिपणिसांकडे जाऊन सांगून आले, "आमच्या हिला मी आमटी शिकायला घालतोय."

योजना गेल्या शनिवारी मोडली. वरी पुन्हा दारात आली तशी टिपणीसबाई पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि आपल्या बंधूंना म्हणाल्या, "आमच्या घरी उपास मी करते, माझी मुलं नाहीत!" आणि दार लावून स्वतःचा भात टाकला. आपले बंधू म्हणाले, बायकांना सहकार कळत नाही.

आज संध्याकाळी मी त्यांना सगळं तोंडावर सांगणार आहे. आपणही चार खरमरीत ओळी लिहाव्यात. गुडघ्याला जपावं.

आपली,
प्रमोदिनी

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं, त्याला आज चार दिवस झाले. त्या संध्याकाळी त्यांना सांगितलं नाही. त्याचं असं आहे की, योजना मोडली तरी आपले बंधू माझ्या शिक्षणाला सोडायला तयार नाहीत. रोज जेवणं आटोपली की मला हेमाकडे पाठवतात. तिला मार्चमध्ये मॅट्रिकला बसायचंय आणि तिचं इंग्रजी फार कच्चं आहे. आम्ही दोघी खिडकीशी बसून धडे करतो, ती चहा करते, मी तिला सिस्टर अ‍ॅग्नेस शिकवायची तशी इंग्रजी उच्चारासाठी जीभ दातांना लावायला शिकवते. आमटीचा विषय निघत नाही. शिकवणी मध्येच सोडावी लागू नये म्हणून दुपारचा चहा आणि संध्याकाळचा भात आपले बंधू स्वतः करतात. एवढी दुपार माझ्या वाट्याला लग्नानंतर पहिल्यांदाच आली. घरी आमटी मी मुद्दाम पातळ करते. हात जड होतो, पण शिकणारीची आमटी एकदम सुधारणार कशी?

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं कारण हेच. रविवारी ते आपल्याकडे येतील आणि विचारतील, आमटी शिकायला इतके दिवस लागतात का. कृपा करून होळीपर्यंत तरी लागतात असं सांगावं. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून शिकायला वर्ष लागलं होतं, म्हणावं. मला दोन लागली होती, म्हणजे खोटं बोलल्याचा दोषही आपल्याला नाही. आणि वरच्या खरमरीत ओळी तूर्त लिहू नयेत.

ता. क. तिसरा. आजचा भात त्यांनी एकट्याने केला. खाली लागला नव्हता, मीठही बरोबर होतं. जेवताना मी वर्तमानपत्र वाचत होते.