कानेलो भुंकतो, चावत नाही

तुर्रियाल्बा,
९ मार्च

प्रिय योरी,

तू बरी असशील, दायानाची नवी शाळा सुरू झाली असेल आणि तुझं मनगट आता दुखत नसेल, असं धरून लिहिते. तू कुठे आहेस हे मला माहीत नाही. हे पत्र मी तुझ्या ब्रेनेस वकीलबाईंच्या हातात देणार आहे. पुढे ते तुझ्यापर्यंत कसं पोचतं, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

इकडे गेल्या आठवड्यात ज्वालामुखीने पुन्हा राख उडवली. दोरीवरचे कपडे दोनदा धुतले. समोरच्या हान्नियाबाईंनी घराला जांभळा रंग दिलाय, अगदी डोळ्यांत खुपेल असा. आई खूश आहे. म्हणाली, "बरं झालं, आता सांगता येईल, जांभळ्या घरासमोर. इतकी वर्षं लोकांना अंजिराच्या झाडापासून दोनशे मीटर मोजायला लावतोय, आणि झाड पडून वीस वर्षं झाली!" मी हसले. मग मला हसवेना.

आईचं सांगते. ती विसरायला लागली आहे. आधी साखरेच्या डब्यात मीठ गेलं, मग कॉफी गाळायचं फडकं फ्रीजमध्ये सापडलं. मी काही म्हटलं की उलट मलाच ऐकवते, "तुझ्या त्या कॉम्प्युटरला सांग ना कॉफी गाळायला, तो काही विसरत नाही." डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, पण थोडं जास्त आहे.

परवा संध्याकाळी मी तिला गुळाचं गरम पाणी करून दिलं. कप तसाच हातात धरून ती म्हणाली,

"सिनिया, मीच सांगितलं असणार गं त्याला."

"कुणाला? काय?"

"वाल्तेरला. योरीचा पत्ता. रविवारी यायचा ना कॉफीला. आणि माझ्या तोंडाला कुठे कुलूप आहे? आठवत नाही मला. पण योरी म्हणते म्हणजे सांगितलंच असणार. पोरगी उगाच कशाला म्हणेल?"

वाल्तेरच्या वकिलाने तिचं नाव साक्षीदार म्हणून दिलंय. हे तुला ब्रेनेसबाईंनी कळवलंच असेल. तो म्हणतो, मी कुणाच्या मागावर नव्हतो, सासूबाईंनीच पत्ता दिला, म्हणाल्या, जा आणि समजूत काढ. वीस तारखेला आई कोर्टात उभी राहणार आणि हो म्हणणार. ती ठेवणीतला झगा इस्त्री करून ठेवते, आणि विसरून पुन्हा इस्त्री करते.

आईने सांगितलं नव्हतं, योरी. मला हे गेल्या ऑगस्टपासून माहीत आहे.

आता हे नीट लिहिते, नाहीतर पुन्हा राख आणि शेजाऱ्यांचे रंग यांवरच पान भरेल.

आमच्या बायकांच्या संस्थेची साइट मी उभी केली, हे तुला माहीत आहेच. तू वाल्तेरला सोडून दायानाला घेऊन तिकडे दूर राहायला गेलीस तेव्हा मीच तुझ्या मागे लागले होते, की नाव बदलून नोंद कर, घरबसल्या केक विकता येतील. तू दोनदा विचारलंस, "आणि पत्ता?" मी म्हणाले, "पत्ता फक्त मला दिसेल. पार्सल न्यायला गाडी पाठवायची असते ना." आणि तू रोसा या नावाने नोंद केलीस.

फॉर्ममध्ये पत्त्याची चौकट मीच मोठी करून घेतली होती. आपल्याकडे घरांना नंबर नाहीत, गाड्या चुकतात, बायका वैतागतात. म्हणून चौकटीखाली मी लिहिलं होतं: मावशीला फोनवर सांगाल तसं सगळं लिहा. आणि तू लिहिलंस. जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून दीडशे मीटर दक्षिणेला, पुढे लिंबाची दोन झाडं, लाल झोपाळ्याचं घर. कुत्रा भुंकतो, चावत नाही, कानेलो म्हणून हाक मारा.

सभासदांची नोंद ठेवायला मी साइटला एक प्लगइन, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला तयार प्रोग्रॅम, जोडला होता. तो दाराशी विचारायचा, तुमचं इथे खातं आहे का? आहे म्हटलं की आत सोडायचा. आत आलेला माणूस स्वतःचं पान उघडतोय की दुसऱ्याचं, हे तो विचारतच नव्हता. लिंकच्या शेवटी एक आकडा असायचा. तो बदलला की दुसऱ्या बाईचं पान समोर. खरं नाव, फोन, पत्ता, सगळं.

वाल्तेरने गिऱ्हाईक म्हणून खातं उघडलं. स्वतःच्याच नावाने. लपायची त्याला गरजच वाटली नाही, लपत होतीस ती तू. तू केक करतेस आणि मी साइट चालवते, एवढं जोडायला फार अक्कल लागत नाही. दहा ऑगस्टला भर दुपारी त्याने एक, दोन, तीन करत पानं उघडली. चाळीस मिनिटं. एकशे अठ्ठ्याऐंशीवर तो थांबला. तुझं खरं नाव मी तिथे घालू दिलं नव्हतं, त्याचा मला फार अभिमान होता. पण कानेलो त्याचाही कुत्रा होता. त्यानंतर त्याने एकही पान उघडलं नाही.

दोन दिवसांनी तो तुझ्या दारात होता. कानेलो त्याच्यावर भुंकलासुद्धा नसेल.

ते तुझं मनगट, दायानाचं टेबलाखाली बसून राहणं, शेजाऱ्यांनी त्याला ओढून बाहेर काढणं, हे सगळं मला तुझ्याच फोनवरून कळलं. तू रडत नव्हतीस. म्हणालीस, "तो तेच शब्द बोलला, सिनिया. बर्फाचा कारखाना, लिंबाची झाडं. हे मी फक्त आईला सांगितलं होतं. आईला आणि तुला." आणि मग, "त्याला कॉफी पाजता पाजता सांगितलं असणार तिने."

योरी, तू माझं नाव घेतलं होतंस. खरं सांगायला तिथे जागा होती. मी म्हणाले, "जाऊ दे, आई म्हातारी झाली आहे."

हे वाक्य मी रोज ऐकते.

अजून एक आहे, आणि ते लिहायचं नव्हतं. चार ऑगस्टला कार्तागोच्या एका शिक्षिकाबाईंची मेल आली होती. त्यांच्याकडून लिंकमधला एक आकडा चुकून दुसरा पडला आणि कुणा दुसरीचाच पत्ता दिसला. 'कृपया लगेच बघा, मला भीती वाटली,' असं त्यांनी लिहिलं होतं. मी आभार मानले. प्लगइनची दुरुस्त आवृत्ती आलेली होती, पण ती घालताना साइट काही वेळ बंद पडली असती. पंधरा ऑगस्टच्या मातृदिनाच्या ऑर्डरी धडाधड येत होत्या. मी ठरवलं, सोळा तारखेला बघू.

तुझा फोन आला त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी कुणी कुठलं पान कधी उघडलं त्याच्या नोंदी पाहिल्या आणि दुरुस्ती घातली. वीस मिनिटं लागली.

मग मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोनशे बारा बायका आहेत तिथे. त्यांतल्या किती जणी कुणापासून दूर राहतायत, मला माहीत नाही. येत्या शनिवारच्या सभेत सांगणार आहे. त्या मला काढून टाकतील, आणि ते बरोबर होईल.

सोबत नोंदींची छापील पानं आहेत, त्याच्या नावासकट, वेळेसकट. शिक्षिकाबाईंची मेलही आहे आणि माझं गोड उत्तरही. ब्रेनेसबाईंना सांग, काहीच वगळू नका. वीस तारखेला आईच्या आधी मला उभी करा.

आईला मी काल खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"योरी माझ्यावर रागावली तर निदान तुझ्याशी बोलेल. दोघींवर रागावली असती तर कुणाकडे गेली असती ती?"

आज सकाळी ती ते विसरली होती. झगा पुन्हा इस्त्रीच्या टेबलावर होता. "मीच सांगितलं असणार गं," म्हणाली. मी पुन्हा सगळं सांगितलं. उद्याही सांगेन. पण माझ्या सांगण्याने ते तिच्या डोक्यातून जाणार नाही. ते तुझ्या तोंडून आलं आहे, तुझ्याच तोंडून जाईल.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजेन.

पण आईला फोन कर. ती विचारेल, कुठे आहेस गं, नीट सांग, कशापासून किती मीटर? तिला सांग. ती कुणालाही सांगणार नाही, तेव्हाही सांगितलं नव्हतं. मला मात्र सांगू नकोस, मी विचारलं तरीही.

दायानाला पापा. कानेलोच्या डोक्यावरून हात फिरव, त्याची काही चूक नव्हती.

तुझ्याकडून सगळं लिहून घेणारी,
सिनिया