चार वेळा आणलेल्या गोळ्या

कसबा बावडा

ताई,

बाराव्याला तू मागच्या दारात एकटीच बसून होतीस. तुझ्या उरलेल्या गोळ्यांनी आई गेली, असं तुला वाटतंय. आईला लघवीला जळजळ झाली तेव्हा तू त्या एकदाच दिल्यास. पुढे चार वेळा मी तेच रिकामं पाकीट दुकानात दाखवून गोळ्या आणल्या. दोन दिवसांत आई म्हणायची, "बरं वाटतंय की आता, ऱ्हाऊ देत बाकीच्या." मीही ठेवून द्यायचो.

शेवटी जंतू आईच्या रक्तात शिरले आणि त्यांच्यावर औषध चालेना, तेव्हा गोळ्या अर्धवट घेतल्या की जंतू निर्ढावतात, असं सांगून डॉक्टरांनी आधी गोळ्या कुणी दिल्या ते विचारलं. तू रडत म्हणालीस, "मीच दिल्या." मी गप्प राहिलो.

हे सांगायला दोनदा कुरुंदवाडला आलो. तू चहा केलास. तो पिऊन परत आलो.

तुझा भाऊ,
सम्राट