डाळिंबी फडक्याची खूण

प्रिय ओकासान,

इथे जपानमध्ये सासूलाही ओकासान, म्हणजे आईच म्हणतात, हे मला पहिल्यापासून आवडलं. काल तुम्हाला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले, आपल्याकडच्या तेराव्यासारखा इथला दिवस. तुमच्या मुलाने, केनजीने अगरबत्ती लावली, सगळे जेवले आणि निघता निघता तुमच्या धाकट्या बहिणीने मला पतंगाची उरलेली गोष्ट सांगितली. तेव्हापासून मला तुमचा राग आलाय. मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आता ती अडचण नसावी.

कोबेच्या भूकंपात फोन बंद पडल्याचं टीव्हीवर पाहिलं, तेव्हा मीच म्हणाले होते, समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो, काहीतरी खूण ठरवू. माझ्या जुन्या डाळिंबी साडीचा तुकडा. बरं असेल तर तुम्ही सकाळी सातला तुमच्या बाल्कनीतल्या दांडीवर घालायचा, अंधार पडायच्या आत काढायचा. तुम्ही हसलात. "मेधा-सान, ही तर आमच्या घरची जुनी विद्या."

मग ऐझूच्या किल्ल्याची गोष्ट निघाली. एकोणिसाव्या शतकातली यादवी, बाहेर तोफा, आत दहा वर्षांची तुमची आजी. शंखाचा कुठला सूर म्हणजे काय, घंटा कशी वाजली की ओल्या गोधड्या घेऊन तोफगोळे विझवायला धावायचं, तिला सगळं पाठ. आणि रोज किल्ल्यावरून एक पतंग चढायचा. म्हणजे, आम्ही मजेत आहोत! तुमची नात मीना ती गोष्ट ऐकून जेवायची.

पण तो पतंग शत्रूला फसवायला होता, हे तुम्ही कधी सांगितलंत? आत तांदूळ संपत आले होते. आजीचा धाकटा भाऊ गेला, त्या दिवशीही पतंग घेऊन तिलाच पाठवलं. "रडता रडता उडवला तिने," तुमच्या बहीण म्हणाल्या. "ताईला हे सगळं ठाऊक होतं."

तुम्ही गेल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात तापाच्या औषधाचं पाकीट सापडलं. त्यावर त्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारची तारीख होती. म्हणजे एकट्याच दवाखान्यात गेला होतात. सोमवार, मंगळवार, बुधवार, फडकं सातला बाहेर. मीनाच्या प्रवेशपरीक्षेचा आठवडा, आम्हाला त्रास नको, असंच ना?

बुधवारी संध्याकाळी फडकं काढलेलं नव्हतं. मी पाहिलं. विसरल्या असतील, म्हटलं. गुरुवारी सकाळी ते जागेवर दिसलं आणि मी निश्चिंतपणे कामाला लागले. दुपारी पाऊस आला. फडकं भिजत होतं. तुम्ही कधी साधा रुमाल भिजू दिला नव्हता, तेव्हा कुठे मी धावले.

न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. संध्याकाळची खूण मीच ठरवली होती, आणि मलाच ती वाचता आली नाही. हे मी कुणाला सांगू?

आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती जगापुढे झाकायची, ओकासान. समोरच्या बाल्कनीत मी उभी होते, मी काय शत्रू होते?

आजपासून ते फडकं आमच्या दांडीवर लावायचं, असं मी मीनाला सांगितलं होतं. सकाळी हातात घेतलं आणि लावलं नाही, घडी करून ठेवलं. मीना शाळेतून आली ती रिकामी दांडी बघूनच. "आई, दाइजोबु?" बरी आहेस ना, या प्रश्नाला मी आजवर कायम हो म्हणत आले.

"नाही," मी म्हणाले. "आजीची फार आठवण येतेय."

तिने दप्तर खाली ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ उठली नाही.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. पतंगाची गोष्ट मी मीनाला अख्खी सांगेन. आणि या घरात ते फडकं, खरंच बरं असेल त्याच दिवशी बाहेर दिसेल.

तुमची, समोरच्या बिल्डिंगमधली सून,
मेधा