फळी धरणारं माणूस

३ मार्च
आले एकदाची! दादाने स्टँडवरून स्वतः ट्रंक उचलून आणली, वहिनीने आल्या आल्या चहा दिला. बाबांनी हे घर मी सासरी गेल्यावर बांधलं, त्यामुळे बापाच्याच घरात मी नवखी. मागची खोली मिळाली. आधी तिथे आत्या राहायची. ती म्हणे भांडून निघून गेली, पुन्हा आलीच नाही. खोली छान आहे. फक्त बेसिनखाली भिंतीला हे भलंमोठं भगदाड. पाइप बदलताना दादाने फोडलं आणि तसंच ठेवलं. जगाच्या भिंती लिंपणारा गवंडी, आणि बहिणीच्या खोलीला भोक! चिडवलं तर हसला.

५ मार्च
दादाने भगदाड बुजवलं. विटांचे तुकडे भिजवून पाइपांभोवती बसवले, फटींत सिमेंटचा माल दाबून भरला. रोज दोनदा पाणी मारायचं काम माझ्याकडे. जेवताना त्याने सहज विषय काढला, की घरातला माझा हिस्सा सोडते अशी सही दिली तर सगळ्यांनाच सोपं जाईल. मी म्हटलं, नवऱ्याने हाकललेल्या बाईला पाय टेकायला एवढीच जागा आहे. सही मिळणार नाही. वहिनी वाढता वाढता थांबली.

६ मार्च
भरलेलं सगळं खोलीत पडलं होतं. दादा म्हणाला, घूस असेल. भिंतीमागे पाइपांसाठी पोकळी आहे, मागच्या बाजूने तिला छोटं लोखंडी दार. पुन्हा भरलं. वहिनी म्हणाली, काहींचा पायगुणच तसा. बारा वर्षं सासूचे टोमणे ऐकले, आता हिचे.

८ मार्च
पुन्हा पडलं. एक ढेकूळ उचलून पाहिलं. पोकळीकडच्या बाजूला चार बोटं उमटलेली, आतून ढकलावं तशी. मधल्या बोटावर अंगठीचा वळ. मधल्या बोटात अंगठी आमच्यात फक्त आत्या घालायची. दादाला दाखवलं. त्याने ते पायाखाली चुरडलं आणि म्हणाला, माझीच बोटं असतील.
दादा अंगठी घालतच नाही. माझ्याही हातात अंगठी नाही. ती नवऱ्याने काढून घेतली.

९ मार्च
वहिनी ही वही वाचते. आजपासून कमरेला खोचून फिरणार.
शेजारणीला आत्याबद्दल विचारलं. म्हणाली, तीही हिश्श्यासाठी अडून बसली होती, बाबा असताना. मग एक दिवस दिसेनाशी झाली.

१० मार्च, सकाळ
दोघं गोड. फारच गोड. दादा म्हणतो, बाबांच्या पद्धतीने करू: घरातल्या एकाने पोकळीत शिरून मागून फळी धरायची, म्हणजे माल ढळत नाही. जागा अरुंद, बारीक मीच. भिंत धरली की सहीचा विषय कायमचा बंद, अशी शपथ घेतली त्याने. मनात पाल चुकचुकते आहे. पण सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही, तर राहायचं कुठे?

आत
लोखंडी दाराला बाहेरून कडी. ऐकली मी. हाका मारल्या. त्याची थापी चालूच. भोकातून वीतभर उजेड येतो, त्यात लिहिते —

समोरच्या जुन्या गिलाव्यावर बोटं उमटलेली. शेकडो. अंगठीची.
बाबा, तुम्हीसुद्धा —

फळीने विटा बाहेर ढकलते आहे. बाजूने आणखी एक हात ढकलतोय. गार. थकलेला. तिलाही जमलं नाही, मला काय —

भोकातून कागद आला. दादा म्हणाला, सही कर, लगेच उघडतो.
केली. गेलं घर, जाऊ दे, जीव तरी —

कागद ओढून घेतला. वहिनीने विचारलं, झाली का. तो हो म्हणाला.
मग विटेचा आणखी एक तुकडा.

दादा, सही केली ना रे मी. बोटभरच उजेड उरलाय. दादा, मी तुझी सख्खी —